शेवयांच्या घरातला ज्वारीचा पास्ता

लग्न होऊन मी भिंगारला आले, तेव्हा सासरच्या दारात माणसांच्या आधी शेवया दिसल्या. पुढच्या पडवीत आडव्या बांबूंवर पांढऱ्याशुभ्र, केसासारख्या बारीक शेवया वाळत टाकलेल्या होत्या आणि घरात जायचं तर त्यांच्याखालून वाकूनच जावं लागत होतं. मी वाकले, तरी डोक्यावरचा पदर मैद्यानं पांढरा झाला. सासरे मागून हसत म्हणाले, "झालं. आता तू या घरची."

सासऱ्यांना आम्ही सगळे अब्बा म्हणतो. आमच्या घरात दखनी बोलतात, पण माझं शिक्षण देवळाली प्रवरेच्या मराठी शाळेत झालं, त्यामुळे लिहायला बसले की मराठीच सुचते. घरातलं बोलणंही इथं मी मराठीतच लिहिते आहे.

अब्बांच्या वडिलांपासून आमच्याकडे शेवयांचा कारखाना. कारखाना म्हणजे घराचाच पुढचा भाग. रमजान जवळ आला की तिथं पाय ठेवायला जागा नसायची. भिंगारच्या बाजारात, नगरमध्ये, आसपासच्या गावांत ईदच्या शीरखुर्म्यासाठी आमच्या शेवया जायच्या. यंत्र आलं तरी पीठ कसं मळलं गेलंय हे अब्बा स्वतः बघायचे. मळलेल्या मैद्याचा गोळा घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणायचा आणि उजेडाकडे धरायचा. पापुद्र्यासारखा पातळ होऊनही फाटला नाही, तरच पुढं. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा म्हणाले, "हा चिवटपणा म्हणजे गव्हाची जान. हा नसेल तर शेवई नाही, नुसता भुगा."

माझी लेक या पिठातच रांगली. पण शाळेत जायच्या वयाची झाली तरी तिचं अंग भरेना. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, चेहरा पिवळट. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली, नजर काढून झाली. दिवसेंदिवस ती दमलेलीच असायची. खेळता खेळता मधेच बसायची आणि बाकीच्या मुलांकडे बघत राहायची. शेवटी नगरच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, मग पुण्याला पाठवून आणखी एक तपासणी करून घेतली आणि मला समोर बसवून सांगितलं, "हिला सिलिअक म्हणून आजार आहे. गव्हात जो चिवट अंश असतो, ग्लूटेन, तो हिच्या आतड्यांना चालत नाही. गहू, मैदा, रवा सगळं बंद. कणभरसुद्धा नाही, आणि कायमचं."

मी म्हणाले, "डॉक्टर, आमचा शेवयांचा कारखाना आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठं?"

"घरातच."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. अब्बांनी मात्र एकच विचारलं, "कुठला अंश म्हणालीस?"

"चिवटपणाचा, अब्बा. ज्यानं पीठ ताणलं जातं, तोच."

ते स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. मग उठून पडवीत गेले.

आम्ही तिची चपाती बंद केली. भाकरी, भात, दूध, अंडी सुरू केली. पण काही महिने गेले तरी फरक थोडकाच. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी एकेक गोष्ट खोदून विचारली. ज्वारी कुठं दळता? गिरणीत. त्या गिरणीत आधी गहू दळलेला असतो ना? असतो. घरात पीठ उडतं का? आमच्या घरात खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तरी मैदा लागायचा. "हवेत पीठ असेल तर ते तिच्या ताटात पडणारच," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खडखडाट ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर अब्बा पडवीतले बांबू उतरवत होते.

"कारखाना हलवायचा," ते म्हणाले.

सासूबाई घाबरल्या. "रमजान तोंडावर आलाय. आत्ता हलवला तर माल कधी करणार? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक थांबेल. पोरगी थांबायची नाही."

गावाबाहेर एक शेड भाड्यानं घेतलं. यंत्र टेम्पोत चढवताना शेजारपाजारचे सगळे मदतीला आले. ज्या जागेत यंत्र बसवलेलं होतं तिथं फरशीवर त्याच्या पायांचे डाग उमटलेले होते. आम्ही घर धुऊन काढलं, भिंती रंगवल्या, पत्र्याच्या खालचे वासे ओल्या फडक्यानं पुसले. तेव्हापासून अब्बा आणि माझा नवरा शेडवरून आले की मागच्या न्हाणीत आंघोळ करून, कपडे बदलूनच घरात यायचे. घरासाठी लहानशी नवी घरगुती चक्की आणली, तिच्यात गव्हाचा दाणा कधी पडला नाही. त्या वर्षी आमचा माल बाजारात उशिरा पोचला आणि काही जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. अब्बांनी त्याबद्दल एका शब्दानं कुरकुर केली नाही.

पुढचा पावसाळा संपेपर्यंत लेकीच्या गालांवर रंग आला. शाळेतून पळत यायला लागली. एकदा तिला अब्बांच्या अंगावर उडी मारताना बघून सासूबाई आत जाऊन रडल्या.

त्याच सुमारास भिंगारच्या लष्करी छावणीतल्या एका अधिकाऱ्याच्या घरी लेकीच्या वर्गमैत्रिणीचा वाढदिवस होता. सगळ्या मुलांनी पास्ता खाल्ला. आमची पोरगी डब्यातली भाकरी आणि बटाट्याची भाजी खाऊन आली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. अब्बांच्या शेजारी बसून तो पास्ता कसा होता ते सांगत राहिली. आजोबांना ती दादा म्हणते. "दादा, तो नळीसारखा असतो. मधे भोक. त्या भोकात सगळा सॉस जातो. आणि कोणी कोणी शंखासारखा पण करतात."

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "म्हणजे जाड शेवईच की. मधे भोक असलेली."

"तसंच समजा," नवरा म्हणाला.

पुण्याहून आम्ही ग्लूटेन नसलेल्या पास्त्याचा एक पुडा मागवला. परदेशातून आलेला, मक्याचा आणि तांदळाचा. लेकीनं आवडीनं खाल्ला, पण तो रोज काय, महिन्याला आणणंही आम्हाला जड होतं. अब्बांनी एक नळी हातात घेतली, मोडली, चावून बघितली. "मक्याचा होतो तर ज्वारीचा का नाही होणार? शेवया करणाऱ्याच्या घरात पोरीनं बाहेरचा पुडा खायचा?"

लेथवर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून नवऱ्यानं नळीच्या भोकांची पितळी चकती करून आणली. हाताचं नवं कोरं यंत्र घेतलं आणि अब्बा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. आयुष्यभर पीठ मळलेला माणूस, पण ज्वारीच्या पिठानं त्यांना दाद दिली नाही. गोळा ताणायला जावं तर तो वाळूसारखा फुटायचा. यंत्रातून नळ्या यायच्या त्या तुकडे होऊन. जे काही वाळलं ते उकळायला टाकलं तर पाण्यात विरघळून त्याची पेज झाली. लेकीनं त्यात गूळ घातला आणि वाटी तोंडाला लावली. "दादा, पास्ता प्यायलापण चांगला लागतो!" आम्ही सगळे हसलो. अब्बाही हसले, पण नंतर मला म्हणाले, "या पिठाची आणि माझ्या हातांची ओळखच नाही."

ती ओळख करून दिली माझ्या आईनं. ती देवळालीहून चार दिवस राहायला आली होती. ओट्याजवळ उभी राहून तिनं आमचा खटाटोप बघितला आणि मला हळूच म्हणाली, "पीठ कच्चं का मळता गं? ज्वारीचे पापड करताना उकड काढतो ना आपण? तशी उकड काढून बघा."

तिनं हळू म्हटलेलं अब्बांनी ऐकलं. व्याह्यांच्या पुढं आईला संकोच वाटत होता, पण अब्बांनीच पाट ओढला आणि म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही करून दाखवा. मी बघतो."

आईनं पाण्याला आधण आणलं, ज्वारीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ मिसळून वैरलं, झाकण ठेवून वाफ आणली आणि चटके सोसत ती उकड गरम असतानाच मळली. अब्बांनी त्यातला एक गोळा घेतला. ताणला जात नव्हता, पण फुटतही नव्हता. बोटांत दाबला की आकार धरून राहत होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं मी पुन्हा फार वेळा बघितलं नाही. त्या दिवशी नळ्या सलग बाहेर पडल्या. त्यांना पुन्हा वाफ देऊन, सावलीत फडक्याखाली वाळवायचं हे मात्र अब्बांचं डोकं. शेवया उन्हात तडकतात हे त्यांना माहीत होतं.

वाळल्यावर उकळून बघितल्या. पाणी थोडं गढूळ झालं, पण नळ्या नळ्याच राहिल्या. टोमॅटो, लसूण आणि वर थोडं चीज घालून मी लेकीपुढं बशी ठेवली. तिनं काट्यानं एक नळी उचलली, तिच्या भोकातून आजोबांकडे बघितलं आणि मग खाल्ली.

पुढच्या ईदला अब्बांनी बारीक भोकांच्या चकतीतून ज्वारीच्या शेवया काढल्या. मैद्याच्या शेवयांइतक्या नाजूक नव्हत्या, रंगही थोडा मातकट. सासूबाईंनी त्या तुपात परतल्या, खारका, चारोळी, दूध घातलं. मी विचारलं, आपल्यासाठी नेहमीचा शीरखुर्मा शेडवर वेगळा करायचा ना? अब्बा म्हणाले, "एकच पातेलं चढवा." मुबारकबाद द्यायला आलेल्या प्रत्येकाला, भिंगारमधल्या सगळ्यात नावाजलेल्या शेवयांच्या घरात, त्या वर्षी ज्वारीचा शीरखुर्मा मिळाला. काहींनी वाटी संपवली, काहींनी विचारलं हे काय आहे. आमच्या लेकीनं दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

पास्ता विकायचा हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. पण डॉक्टरांनी एकदा फोन करून विचारलं, "श्रीरामपूरच्या एका बाईंचा मुलगा तुमच्या मुलीसारखाच आहे. तुम्ही त्यांना थोडा पास्ता द्याल का?" ती बाई आली, पुडा घेऊन गेली आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन आया घेऊन आली. त्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. कोणी संगमनेरची, कोणी बीडची, कोणी थेट नागपूरची. पोराला वाढदिवसाला काय द्यायचं, प्रवासात काय द्यायचं, असेच प्रश्न सगळ्यांचे. मी एकेकीशी बोलत राहायचे आणि पुडे कुरिअरनं जात राहायचे.

मग ज्यांना काहीच आजार नाही अशी माणसं यायला लागली. छावणीतल्या बायका, व्यायामशाळेत जाणारी पोरं, साखर वाढलेले काका. सुरुवातीला नगरच्या एका मोठ्या दुकानात मी नमुना घेऊन गेले होते, तेव्हा मालक म्हणाले होते, "भाभी, ज्वारीला कंटाळलेली माणसं पास्ता खातात. आणि तुम्ही पास्त्यात ज्वारीच घालता?" दोन-तीन वर्षांनी त्यांचाच फोन आला. "तो तुमचा पास्ता आहे ना, गिऱ्हाईक येऊन मागतंय. उद्या पाठवता का?" मी पाठवला. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एकटीच हसत होते.

वेष्टन छापताना छापखानेवाला म्हणाला, "यावर 'वजन घटवा' असं मोठ्या अक्षरात टाकू. हल्ली त्यालाच खप आहे." मी नाही म्हणाले. पास्ता खाऊन कोणी बारीक झालेलं मी तरी बघितलेलं नाही. ज्वारी, तांदूळ, पाणी, मीठ आणि गव्हाचा अंश नाही, एवढंच छापलं. तो म्हणाला, असा माल चालत नाही. चालला.

घरात जागा पुरेना, तेव्हा सुप्याच्या एमआयडीसीत एक गाळा घेतला. मैद्याच्या शेवया जुन्या शेडमध्ये नवऱ्याचा भाऊ बघायला लागला. सुप्याला आम्ही पहिला नियम केला की दारातून गव्हाचं काहीही आत येणार नाही. चपाती नाही, बिस्किट नाही, पावसुद्धा नाही. कामाला आसपासच्या गावांतल्या बाया येतात. त्यातली एक पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करून म्हणाली, "भाभी, लोकं कंपनीत लागली की डब्यात चपाती न्हेत्यात. आन् तुमी आमाला भाकर आनाया सांगता व्हय?"

"हो. मीसुद्धा भाकरीच आणते."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. आता दुपारी सगळ्या एकत्र डबे उघडतात, तेव्हा कोणाची भाकर जास्त पातळ यावरून वाद होतो.

एकदा मात्र आमची परीक्षाच झाली. प्रत्येक घाण्यातला नमुना आम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवतो. त्या वेळी दुकानांना आणि घरच्या गिऱ्हाइकांना घाई होती म्हणून माल आधी पाठवला होता आणि मागून प्रयोगशाळेचा फोन आला की यात ग्लूटेन सापडलंय, चालणाऱ्या मर्यादेच्या वर. आम्हाला काही कळेना. चक्की आमची, गाळा आमचा. बराच शोध घेतल्यावर नवऱ्याचं लक्ष रिकाम्या पोत्यांकडे गेलं. ज्वारी पाथर्डीकडच्या एक बाई त्यांच्या रानातून देतात. त्यांना फोन लावला.

"पोती नवी न्हाईत, भाभी," त्या म्हणाल्या. "गव्हाची हुती. पर चांगली झटकून घेतली हुती की."

त्यांचा तरी काय दोष? पोतं झटकायचं असतं, धुऊन ठेवायचं असतं, फेकायचं नसतं, असंच आपण सगळे शिकलेलो.

पुण्यातला एक व्यापारी आमचा माल दुकानांना पोचवायचा. माल परत मागवायला मी त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "अर्धा माल विकला गेलाय. कोणाची तक्रार नाही. ज्यांना आजार नाही त्यांना एवढ्यानं काय होतंय?"

अब्बा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "हा पुडा मी माझ्या नातीला देईन का?"

"तसं नाही, चाचा..."

"देईन का?"

त्यांनी फोन ठेवून दिला. मग अब्बांनी आणि लेकीनं मिळून दुकानांना, ओळखीच्या घरांना फोन लावले. ती तेव्हा दहावीत होती. ती नंबर लावून द्यायची, अब्बा बोलायचे. "आमच्या मालात चूक झाली. पुडा वापरू नका. परत पाठवा, दुसरा देतो." एकेकाला तेच, तितक्याच शांतपणे. मी वाळवणीच्या ताटांपाशी उभी राहून ते ऐकत होते. श्रीरामपूरच्या त्या पहिल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चाचा, तुम्ही फोन केलात, आता मी डोळे झाकून घेईन." पाथर्डीच्या बाईंना आम्ही नवी पोती नेऊन दिली. त्या वर्षापासून त्यांच्या गावातल्या आणखी काही बायाही आम्हाला ज्वारी देतात, आणि गहू असलेलं पोतं आमच्यासाठीच्या ज्वारीच्या आसपाससुद्धा ठेवत नाहीत.

आता लेक पुण्यात कॉलेजला आहे. मध्यंतरी मी, नवरा आणि अब्बा तिला भेटायला गेलो, तेव्हा ती आम्हाला एका भल्यामोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथं एक आख्खं कपाट ग्लूटेन नसलेल्या जिनसांचं होतं. पूर्वी असला एखादा पुडा मिळाला तर मिळाला. आता तिथं तांदळाचा, मक्याचा, डाळीचा, नाचणीचा असे कितीतरी पास्ते होते, आणि त्यात मधल्या फळीवर आमचा. अब्बांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. पुड्यावर 'भिंगार, जि. अहिल्यानगर' लिहिलेलं होतं, तिथं त्यांनी बोट टेकवलं.

तेवढ्यात एक तरुण बाई आली. तिनं आमचा पुडा उचलला, मागचं वाचलं, शेजारचा परदेशी पुडा उचलला, तोही वाचला. आमचा जागेवर ठेवला आणि दुसरा घेऊन गेली. मला वाईट वाटलं. लेक म्हणाली, "जाऊ दे ना, अम्मी."

अब्बांनी मात्र तोच परदेशी पुडा घेतला आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभे राहिले. लेकीच्या खोलीवर आल्याबरोबर म्हणाले, "दोन पातेली ठेव. दोन्ही उकळ."

तिनं एकात आमचा, दुसऱ्यात तो उकळला. अब्बांनी आधी दोन्हीकडचं पाणी बघितलं. मग एकेक नळी बोटांनी दाबली, मग खाल्ली. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"चव आपलीच," ते म्हणाले. "त्याला चव म्हणून नाहीच."

"मग?" लेकीनं विचारलं.

"पण तो तुटत नाही. आपला थोडा मऊ पडतो." त्यांनी परदेशी पुड्यातली नळी उजेडाकडे धरली. "त्याची भिंत आपल्यापेक्षा जाड आहे. चकती बदलायला पाहिजे."

परतीच्या वाटेवर सुपा आलं, तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला लावली. सुट्टीचा दिवस होता, गाळा बंद होता. नवरा म्हणाला, उद्या सकाळी बघू. अब्बांनी ऐकलं नाही. कुलूप काढून आत गेले, डोक्यावर टोपी घातली, हात धुतले, यंत्राची पितळी चकती सोडवून घेतली आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसून एकेका भोकातून बघायला लागले. मी उकडीसाठी पाणी तापत ठेवलं.